गळ्यातल्या चाकूला पावसाळ्यात एकाच जागी गंज का चढतो?

सलग तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या चाकूवर तोच डाग उमटला. मुठीपासून दीड बोट पुढं, डाव्या बाजूला, तिळाएवढे चार-पाच नारिंगी ठिपके आणि भोवती तपकिरी सावली. घासून काढायचा, तेल लावायचं, आठ दिवसांनी म्यानातून उपसला की परत हजर. उजवी बाजू जवळपास कोरी. तीन वर्षं मी पात्यालाच शिव्या घातल्या. यंदा शोध लावला तर पातं बिचारं निर्दोष निघालं.

आधी चाकूबद्दल, म्हणजे तुमच्याशी पडताळून बघता येईल. पातं साडेसहा सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, मुठीसकट लांबी वीतभरसुद्धा नाही. गळ्यात दोरीनं उलटा लटकतो, म्हणजे मूठ खाली, टोक वर, आणि म्यानाच्या पकडीवरच टिकून राहतो. रानात काटक्यांचे छिलके काढायला, खुंट्या टोकदार करायला, बांबूला खाचा पाडायला, दोरी कापायला एवढं पातं पुरतं. फाटी फोडायला कोयता असतो. गावाकडच्या लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवून, पाणी पाजून, म्हणजे तापवून झटकन गार करत कडक करून दिलाय. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, क्रोमियम असलंच तर एखादा टक्का. स्टेनलेस म्हणवून घ्यायला क्रोमियम निदान १०.५ टक्के लागतं, चाकूच्या चांगल्या स्टेनलेसमध्ये १३-१४ असतं. तेव्हा हे पातं गंजणारच, हे मला मान्य होतं. पण मग सगळीकडं सारखं गंजावं की. एकाच बाजूला, एकाच जागी का?

पहिल्या वर्षी मी जे केलं ते बहुतेकजण करतात: तेल वाढवलं. घरात शेंगदाण्याचं तेल होतं, तेच पात्याला चोपडलं आणि म्यानातही चार थेंब सोडले. शेंगदाण्याचं काय किंवा सूर्यफुलाचं काय, हे तेल हवेत राहिलं की चिकट होतं. महिनाभरात पात्यावर कढईच्या बुडासारखा पिवळट थर आला, त्यावर धूळ बसली आणि थराच्या खाली गंज सुखानं वाढत राहिला. शिवाय तेल पिऊन म्यानाचं कातडं लुसलुशीत झालं. गगनबावड्याच्या रस्त्याला मावशीचं शेत आहे, तिथं एका रात्री बांधावरून उडी मारली आणि चाकू म्यानातून सुटून चिखलात उभा रुतला. पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर. उलट्या लटकणाऱ्या चाकूचं म्यान सैल होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या वर्षी पातं एमरी पेपरनं आरशासारखं केलं. गुळगुळीत पात्याला गंज उशिरा धरतो हे खरं आहे, खाचाखोचांत पाणी थांबत नाही म्हणून. पण तो डाग तिथंच आला. आरशावर तर जास्तच उठून दिसला.

खरा धडा मावशीच्या गोठ्यात मिळाला. तिथं कुडाच्या भिंतीला दोन कोयते आणि एक विळा खोचलेला असतो. त्यांना कोणी तेल लावत नाही, पुसत नाही. वैरण कापून झाली की खोचला भिंतीत. काळे पडलेत, पण खाणारा गंज कुठंच नाही, आणि गगनबावड्याचा पाऊस म्हणजे कोल्हापूर शहराच्या कित्येक पट. मग माझा लाडाकोडातला चाकू का सडतो? फरक दोनच. कोयता रोज घासला जातो आणि रिकामा असतो तेव्हा उघड्या हवेत असतो. माझा चाकू सुरेख म्यानात झोपलेला असतो.

म्यान मी चप्पल करणाऱ्या एका मामांकडून शिवून घेतलंय. तळव्याच्या जाड कातड्याचा उरलेला तुकडा, दोन घड्या, कडेनं वादीची शिवण. ते घेऊन त्यांच्याकडं गेलो.

"मामा, ह्या कातड्यात काय असतंय?"

"बाभळीची साल आन् हिरडा. दुसरं काय असणार?"

"मग चाकू गंजतोय कशानं?"

त्यांनी म्यान नाकाला लावलं, तोंडाशी अंगठ्यानं दाबलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पावसाळ्यात कोल्हापुरी घालतोस काय रं?"

"नाही."

"मग ह्ये का घालतोस?"

मी गप्प. गावातलं शेंबडं पोरही जून लागला की कोल्हापुरी चप्पल फळीवर ठेवतं, आणि मी तेच कातडं चार महिने छातीवर भिजवत होतो.

आता यामागचं कारण. बाभूळ आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्यात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून काळी शाई करत, तीच ही गोष्ट. म्हणून तुमच्या पात्यावर जो पसरट, काळपट, कापडानं पुसला तरी न जाणारा पण बोटाला खरखरीत न लागणारा डाग असतो, तो गंज नव्हे. त्यानं पात्याचं नुकसान होत नाही. मात्र तो एक चुगली करतो: इथं कातडं ओलं होतं. नारिंगी, बोटाला खरबरीत लागणारा ठिपका हा गंज. दोन्हींत गल्लत करून लोक काळ्या डागावर तासन्‌तास घासत बसतात.

क्रोम वापरून कमावलेलं कातडं, म्हणजे पर्सा-जॅकेटांचं मऊ कातडं, त्याची कापलेली कड बहुधा निळसर करडी दिसते. त्यात राहिलेले क्षार पात्याला आणखी वाईट. तसलं म्यान असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, बदला.

कातडं ओलं आहे हे हाताला कळत नाही, ही यातली मोठी फसवणूक आहे. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर म्यान तोललं. मे महिन्यात ४१ ग्रॅम. जुलैत शेतावर दोन दिवस काढून आलो तेव्हा ५६. दोन दिवस पंख्याखाली ठेवलं, हाताला कोरडं ठणठणीत लागलं, काट्यावर ४७. सहा ग्रॅम पाणी आत मुरलेलं, आणि मी "वाळलं" म्हणून त्यात चाकू घालून कपाटात ठेवत होतो. तुमच्याकडं काटा नसेल तर वर्तमानपत्राची पट्टी दुमडून म्यानात रात्रभर घाला. सकाळी ती लवचीक, गार लागली तर म्यान ओलं आहे.

एवढ्यानं एक बाजू आणि एक जागा याचं कोडं सुटलं नव्हतं. त्यासाठी पंधरा दिवस म्यान उलट्या बाजूनं घातलं, म्हणजे एरवी बाहेर, शर्टाकडं असणारी बाजू छातीकडं. डाग उजवीकडं आला. बस्स. कारण घाम.

घामात मीठ असतं. साधं मीठ हवेतली दमटता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून पाझरतं, पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं तसंच. आपल्याकडं जून ते सप्टेंबर दमटता बहुतेक वेळ त्याच्या वरच. म्हणजे एकदा का घामाचं मीठ कातड्यात मुरलं की ते म्यान पूर्ण वाळणारच नाही, तुम्ही कितीही पंखा लावा. आणि मुठीजवळच का, तर गळ्यातल्या चाकूच्या म्यानाचं तोंड खाली असतं. घाम, पाऊस जे काही आत-बाहेर ओघळेल ते तोंडापाशी गोळा होतं. तिथं कातड्याची घडीही जाड. कमरेला लावलेल्या चाकूचं उलटं, तिथं पाणी तळाशी जातं आणि टोक गंजतं. तेव्हा गंज कुठं आहे ते आधी बघा. तो जागेवरून बोलतो. मुठीच्या फटीतून तपकिरी रेघ ओघळत असेल तर पाणी मुठीच्या आत आहे. म्यानाच्या पितळी रिवेटच्या बरोबर समोर ठिपका असेल तर पितळ आणि पोलाद ओल्या मिठातून जुळल्यानं पोलाद आधी खाल्लं जातंय. रिवेटभोवती हिरवा मेणचट थर म्हणजे कातड्यातल्या तेलाची तांब्याशी गाठ पडलीय. तो काडीनं खरवडून काढा, पात्याला लागू देऊ नका. आणि पात्याच्या लांबीला समांतर चरे असतील तर म्यानात वाळू गेलीय. आपल्या पश्चिमेकडच्या जांभ्या मातीचे कण यात पटाईत.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा, कारण मी तो उलटा केला होता. म्यान आधी, पातं नंतर.

म्यानातलं मीठ काढल्याशिवाय काहीच टिकत नाही. साध्या कोमट पाण्यात म्यान दोन मिनिटं बुडवून आत पाणी खेळवलं, ओतून दिलं, असं तीनदा. साबण नको. मग मामांनी सांगितलं तसं पात्याच्या मापाचा सागवानी ठोकळा कोरला, कानशीनं कडा मारल्या, म्यानात घातला आणि सावलीत सोडून दिलं. ठोकळ्यामुळं कातडं पात्याच्या आकारात आवळून वाळतं, सैल म्यान पुन्हा धरायला लागतं. चप्पल साच्यावर चढवतात, तोच प्रकार. चुलीपाशी, उन्हात, हेअर ड्रायरच्या गरम झोतात ओलं कातडं ठेवलं तर आखडतं, कडक होऊन तडकतं. घाई करायची नाही. माझ्या काट्यावर ४१ यायला सहा दिवस लागले, तेही श्रावणातल्या उघडिपीत.

वाळल्यावर फक्त बाहेरून मेण. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं. एक भाग मेण आणि दोन भाग खोबरेल वाटीत घेऊन ती गरम पाण्यावर धरली, फडक्यानं म्यानावर चोळलं, मग ड्रायर लांबून फिरवला की आत जिरतं. कातडं कोरडं असेल तरच ड्रायर. छातीकडच्या बाजूला दोन हात जास्त. आतून काही लावायचं नाही, नाहीतर पुन्हा सैल. टोकाशी आरीनं एक भोक पाडून घेतलं, पाणी निघायला नव्हे, हवा खेळायला.

मग पातं. नारिंगी ठिपके खोबरेल लावून ६०० नंबरच्या एमरी पेपरनं, मग १००० नं, पात्याच्या लांबीच्या दिशेनं. ग्राइंडरवर नेऊ नका. उद्यमनगरात ओळखीच्या शेडवर माझ्या मित्रानं असाच चाकू "एक मिनिटात करतो" म्हणून बेल्टवर धरला, टोक निळं पडलं. निळा रंग येतो तो तीनशे अंशांच्या आसपास. पातळ धारेचं पाणी, म्हणजे कडकपणा, तिथं उतरतो आणि मग कितीही धार लावा, टोक वाकतंच. डागापायी चाकू गमावला.

साफ पात्याला साबणानं धुऊन, बोट न लावता, हिरड्याच्या काढ्यात बुडवलं. तीन-चार हिरडे ठेचून कपभर पाण्यात उकळायचे, गार झाल्यावर चमचाभर व्हिनेगर. अर्ध्या तासात पातं शाईसारखं काळंनिळं होतं. कडक कोऱ्या चहानंही जमतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्लता मारायची, पुसायचं, तेल. हा काळा थर गंज थांबवत नाही, उशीर करतो. पण कातडं जे काम बेढब ठिपक्यांनी करणार होतं तेच आपण आधी एकसारखं करून ठेवतो. लोक चकचकीत पात्याचा हट्ट धरतात. माझ्या मते रानातल्या कार्बन पोलादावर तो हट्ट धरू नये. कुडातला कोयता बघा.

तेलाचं एकच सांगतो. चाकूनं काकडी-कांदा कापत असाल तर खोबरेल. ते लवकर चिकटत नाही. थंडीत गोठलं तरी पात्यावर थर राहतो. नुसता ठेवायचा असेल तर शिलाई मशीनचं तेल. बोटाच्या टोकाएवढं, पुसून काढल्यासारखं.

कातडंच नको म्हणणाऱ्यांनी कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं म्यान घ्यावं, पावसाळ्यापुरतं तेच शहाणपणाचं. पाणी पीत नाही, घाम मुरत नाही, चाकू टक आवाज करून बसतो. पण आत पाण्याचा पातळ पडदा अडकून राहतो आणि माती शिरली तर चरे पडतात; तेव्हा रोज नळाखाली धरून झटकायचं. पकड सैल झाली तर तोंडाजवळची जागा हीटगननं मऊ करून चाकू आत ठेवूनच दाबायची. पीव्हीसी पाइप चपटा करून म्यान करण्याचं खूळ आपल्याकडं बरंच आहे. तव्यावर किंवा गरम पाण्यावर मऊ केलात तर ठीक. गॅसच्या ज्वाळेवर धरून करपवलात तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, छातीला वाईट आणि जवळपासच्या पोलादालाही. माझ्या एका दोस्ताचं नवं पातं असल्या म्यानात दोन रात्रींत लाल झालं. म्यान करपल्याचा वास येत असेल तर ते टाकून द्या.

मुठीचं थोडक्यात. माझ्या मुठीला बाभळीच्या दोन पट्ट्या आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत आखडतं, मध्ये केसाएवढी फट पडते आणि तिच्यातून पाणी आत जातं. फट कोरडी झाल्याची खात्री करून वितळलेलं मेण सोडायचं, वरचं खरवडायचं. चाकू उकळत्या पाण्यात टाकून "निर्जंतुक" करू नका, अ‍ॅराल्डाइट ढिलं पडतं. मुठीला जवसाचं तेल लावणाऱ्यांनी तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नये. ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा.

गंजाशी संबंध नाही, पण गळ्यातल्या चाकूबद्दल लिहितोय म्हणून सांगितलंच पाहिजे: दोरी. पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची नायलॉन दोरी, अडीचशे किलोच्या आसपास वजन पेलते. फांदीत अडकली तर ती तुटणार नाही, तुमची मान अडकेल. दोरीला मागं झटक्यानं सुटणारी प्लॅस्टिक कडी घाला, किंवा एक इंचभर साध्या सुती दोऱ्याचा जोड द्या. माझा जोड करवंदीच्या जाळीत एकदा तुटलाय. दोऱ्याचं रीळ स्वस्तात मिळतं.

आणखी एक. हा चाकू गळ्यात घालून रंकाळ्यावर फिरू नका. सणासुदीला, निवडणुकीत पोलिसांचे मनाई आदेश असतात, त्यात चाकूही येतो. राधानगरी-दाजीपूरला तर नेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३१ प्रमाणं अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू आहे. बंदूक-भाल्यापुरतंच असेल असा माझाही समज होता. म्हणून मी मावशीच्या शेतावरच काय ती हौस भागवतो.

सध्याची स्थिती: जुलैअखेर हे सगळं केलं, आता ऑक्टोबर. घरी आलो की चाकू म्यानातून काढतो, कोरड्या फडक्यानं पुसून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला उघडा टांगतो, पोरांचा हात पोचणार नाही एवढ्या उंच; म्यान शेजारी दुसऱ्या खिळ्याला, आत सागवानी ठोकळा. शेतावर असलो तर आतला शर्ट आणि म्यान यांच्यामध्ये वर्तमानपत्राची चौघडी घालतो, दर दोन तासांनी बदलतो. तो डाव्या बाजूचा डाग या वेळी परत आलेला नाही. मात्र मुठीच्या मागच्या रिवेटखालून एक बारीक तपकिरी रेघ अजून येते. मेण घालून थांबली नाही, म्हणजे आत काहीतरी आधीपासून कुजलंय. दिवाळीनंतर लाकूड वाळलं की मूठ उघडून बघणार.